चढाओढ कोणाच्या मालकीची?

२०१६ सालच्या पावसाळ्यात गोव्यातील धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन फुटबॉल क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी ही बातमी क्रीडापानाच्या एका कोपऱ्यात, क्रिकेटच्या धावफलकाखाली छापली आणि दुसऱ्या दिवशी तिचा विसर पडला. परंतु त्या दिवशी तीन संघांच्या माघारीखेरीज आणखी काही घडले होते. धेंपो विरुद्ध साळगावकर ही दोन पिढ्यांनी मनात बाळगलेली चढाओढ देशाच्या पटावरून पुसली गेली, आणि ती पुसण्याचा निर्णय ज्यांनी तिच्यासाठी उन्हापावसात उभे राहून घसे कोरडे केले त्यांच्यापैकी एकालाही विचारून झालेला नव्हता.

समाजवादी चळवळीतील काही ज्येष्ठांना असा विषय पक्षाच्या साप्ताहिकात यावा हेच खटकेल. खेळ म्हणजे कामगाराला गुंगवून ठेवण्याचे साधन, अशी एक जुनी समजूत आहे. या समजुतीत तथ्याचा अंश आहेच. पण एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये शनिवारची अर्धी सुटी कामगारांनी झगडून मिळवली आणि त्या अर्ध्या दिवसातूनच फुटबॉलची गर्दी जन्माला आली, हा इतिहासही तितकाच खरा. कामाच्या तासांवर मालकाचा हक्क चालतो. कामानंतरचे तासही त्याच्याच खात्यात जमा व्हावेत काय, हा प्रश्न वेतनवाढीच्या प्रश्नाइतकाच राजकीय आहे. गोव्याच्या फुटबॉलची कथा या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे, कारण तेथे दिवसाचा मालक आणि संध्याकाळचा मालक बराच काळ एकच होता.

गोव्यात फुटबॉल आणला तो विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूने, १८८३ साली, बार्देशातील शिवोली येथे. पोर्तुगीजांच्या राज्यात इंग्रजांचा खेळ रुजावा हा इतिहासाचा एक गमतीदार विनोद म्हणावा लागेल. चर्चच्या शाळांतून तो गावोगाव गेला, आणि भातकापणी झाल्यावर रिकामी पडलेली शेते ही त्याची पहिली मैदाने ठरली. आजही अनेक गावांत खेळाची जागा कोमुनिदादच्या, म्हणजे गावकीच्या सामायिक जमिनीवर असते. गोवा फुटबॉल संघटना १९५९ साली, मुक्तीच्या दोन वर्षे आधी, स्थापन झाली. म्हणजे खेळ गावाचा होता, जमीन गावकीची होती, आणि चुरस एका वाड्याची दुसऱ्या वाड्याशी होती. पैसा तेवढा नव्हता.

पैसा आला तो लोखंडाच्या खनिजातून. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या डोंगराळ तालुक्यांतून माती उपसायची, मांडवी आणि झुआरी या नद्यांतून बार्जेसवर लादून मुरगावच्या बंदरात न्यायची आणि तेथून आधी जपानला व पुढे चीनला पाठवायची, या व्यवहाराने काही घराणी गब्बर झाली. साळगावकर क्लबचा जन्म १९५६ सालचा. धेंपो क्लब साठच्या दशकात उभा राहिला. एकाचा आधार वास्को, दुसऱ्याचा पणजी. दोहोंच्या नावात घराण्याचे आडनाव आहे, गावाचे नाव नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोलकात्यात संघाचे नाव घेतले की एक बाग किंवा बंगालचा अर्धा भूभाग डोळ्यांसमोर येतो. गोव्यात संघाचे नाव घेतले की पेढीचा फलक डोळ्यांसमोर येई.

तरीही लोकांनी हे संघ आपले मानले. यात भोळेपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. शासन खेळासाठी फारसे काही करीत नव्हते, आणि गावातल्या गुणी पोराला बूट, दोन वेळचे सकस जेवण व पगाराची चाकरी मिळण्याचा मार्ग या पेढ्यांच्या दारातून जात होता. ताळगावचे ब्रह्मानंद संखवाळकर साळगावकरच्या गोलपोस्टमध्ये वर्षानुवर्षे उभे राहिले, देशाचे कर्णधार झाले. त्यांना १९९७ साली अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०२२ साली पद्मश्री. ब्रुनो कुतिन्हो यांच्यासारखा आक्रमक खेळाडू त्याच क्लबात बहरला. साळगावकरने १९८८ व १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे फेडरेशन चषक जिंकला आणि १९९८-९९ च्या मोसमात राष्ट्रीय लीग जिंकणारा पहिला गोमंतकीय संघ होण्याचा मान मिळवला. धेंपोने आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे घेतली. समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा हे त्या संघाचे घरचे खेळाडू. त्यांच्या जोडीला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेटो. हा इतिहास भांडवलदाराच्या मेहेरबानीचा म्हणून झटकून टाकता येत नाही. खाणीतून उपसलेल्या संपत्तीतला एक नगण्य वाटा का होईना, खेळाडूंच्या घामाने लोकांच्या आनंदात परत आला होता.

या घामाची किंमत कधी किती चुकवावी लागली तेही आठवले पाहिजे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरात फेडरेशन चषकाचा अंतिम सामना चालू होता. धेंपोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनिअर याने मोहन बागानविरुद्ध आपल्या संघाचा दुसरा गोल केला, त्याच क्षणी गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली आणि तो मैदानातच कोसळला. त्याला वाचवता आले नाही. घरापासून हजारो मैल दूर, परक्या देशात, कामावर असताना मेलेला तो एक स्थलांतरित कामगार होता. वृत्तपत्रांनी त्याला वीर म्हटले. मैदानावर तातडीची वैद्यकीय व्यवस्था कशी होती, या रुक्ष प्रश्नाची चर्चा काही दिवस झाली. कारखान्यातील अपघातानंतर होते तितकीच.

आता खाणींच्या दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे. गोव्यातील बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला. त्यात राज्याचे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज होता. त्याच महिन्यात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ साली वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत पुन्हा परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरणच रद्द केले. धेंपो घराण्याने मात्र आपला खाणव्यवसाय २००९ सालीच १,७५० कोटी रुपयांना सेसा गोवा कंपनीला विकून टाकला होता. फुटबॉलवेडे तालुके बहुतांशी किनाऱ्याचे: सासष्टी, बार्देश, तिसवाडी, मुरगाव. खनिजाची धूळ ज्यांच्या भातखाचरांवर आणि विहिरींवर बसली ते तालुके आतले. किनाऱ्यावरच्या प्रेक्षकाने ज्या संघासाठी टाळ्या वाजवल्या त्याच्या तिकिटाचा खरा दर आतल्या तालुक्यातला शेतकरी भरीत होता. ट्रकचालक, बार्जवरचा खलाशी, खाणमजूर यांचा रोजगार बंदीने गेला तेव्हा त्यांच्यासाठी कोणत्याही स्टेडियमवर फलक लागले नाहीत.

२००७ ते २०१३ ही गोव्याच्या फुटबॉलची सुवर्णवर्षे मानली जातात. आय-लीगचे विजेतेपद या काळात लागोपाठ सहा मोसम गोव्यात राहिले: तीनदा धेंपो, दोनदा वार्का गावचा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. एवढ्या लहान राज्याने देशावर असे राज्य करावे याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याच वर्षांत मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियमचे कठडे सामन्यागणिक रिकामे होत चालले होते. कोलकात्याचा संघ आला तर गर्दी होई. एरवी दोन विजेते संघ समोरासमोर असूनही मोजकी डोकी दिसत. याचा दोष कोणी इंग्लंड-स्पेनचे सामने घरात आणून ठेवणाऱ्या दूरचित्रवाणीला दिला, कोणी गैरसोयीच्या वेळांना. दोन्ही कारणे खरी असतील. पण त्याच गोव्यात, त्याच काळात, दोन गावांमधल्या साध्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला मैदानाभोवती उभे राहायला जागा मिळत नव्हती. लोकांचा फुटबॉलवरचा लोभ आटला नव्हता. पेढीच्या संघाशी बांधलेली त्यांची गाठ मात्र सैल झाली होती, कारण ती गाठ बांधण्यात संघाने स्वतः कधी हात लावला नव्हता. क्लबाच्या सभासदत्वाची वही नाही, सभा नाही, मत नाही. टाळी वाजवणे एवढाच हक्क.

अशा स्थितीत नवा धनी आला. डिसेंबर २०१० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना रिलायन्स आणि आयएमजी यांच्या संयुक्त कंपनीकडे सोपवले होते. त्यातून २०१४ साली इंडियन सुपर लीग नावाची झगमगाटी स्पर्धा निघाली. तिच्यात शहरे लिलावाने विकली गेली. वर चढण्याची आणि खाली घसरण्याची, म्हणजे गुणावर स्थान मिळवण्याची वा गमावण्याची, रीत तिला आरंभी नव्हतीच. गोव्याच्या वाट्याला एफसी गोवा हा संघ आला. त्याच्या मालकांत व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत यांच्यासह दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो होते. ज्या दोन आडनावांच्या चढाओढीवर गोव्याचा प्रेक्षक वाढला, ती दोन्ही आडनावे एकाच मालकीपत्रावर शेजारी शेजारी आली. प्रेक्षक भांडत होते. पेढ्यांचे भांडण नव्हतेच.

पुढचा अंक २०१६ चा. महासंघाने सुपर लीगला अव्वल स्थान देऊन आय-लीगला दुय्यम दर्जावर ढकलण्याचा आराखडा मांडला, आणि गोव्याच्या क्लबांनी निषेध म्हणून माघार घेतली. निषेधाचे कारण रास्त होते. सत्तर-ऐंशी वर्षांच्या झगड्यातून उभी राहिलेली उतरंड एका कंपनीच्या सोयीसाठी उलथवण्यात येत होती, आणि २०१९ साली अखेर तसेच झाले. परंतु निषेध करणारी घराणी दुसऱ्या नावेतही पाय रोवून होती हे कसे विसरावे? संघ मागे घेण्याचा अधिकार त्यांना कायद्याने होता. चढाओढ मागे घेण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, याचे उत्तर कोणत्याही कायद्यात नाही, कारण चढाओढ ही वस्तू कोणाच्या जमाखर्चात लिहिलेलीच नसते. तिची निर्मिती प्रेक्षक करतो आणि तिच्यावर ताबा संघमालकाचा राहतो. कारखान्यात याला जे नाव आहे ते येथे लावायला संकोचण्याचे कारण नाही.

खाजगी पेढीच्या लहरीवर संघ मोडल्याची उदाहरणे महाराष्ट्राला नवी नाहीत. मुंबईत मफतलाल आणि ओर्के मिल्स यांचे संघ एके काळी मैदाने गाजवीत, ते गेले. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच गुंडाळला. पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी गिरणीने पुढच्याच वर्षी तोच कित्ता गिरवला. या संघांच्या प्रतिस्पर्ध्यांनी काय करावे? कुस्तीत जोडीदार मेला तर फड सुना होतो, हे गावच्या जत्रेतला पोरही जाणतो.

ही केवळ दरिद्री देशाची व्यथा आहे असे मानू नये. समाजवादी मंडळी ज्या स्कँडिनेव्हियाचे दाखले हौसेने देतात, त्या डेन्मार्कमध्येही हाच खेळ खेळला गेला. तेथे १९७८ पर्यंत फुटबॉल हौशी होता. पैसे घेऊन खेळणारास मायदेशी मज्जाव होता. राजधानी कोपनहेगनमधील केबी हा क्लब १८७६ चा, युरोप खंडातील सर्वांत जुन्या क्लबांपैकी एक. बी १९०३ हा त्याच्या नावातल्या वर्षाचा. दोघांत दीर्घकाळ शहरी वैर नांदले. शहराच्या पश्चिमेकडील कामगारवस्तीच्या उपनगरात दोन लहान क्लबांच्या मीलनातून १९६४ साली ब्रॉन्डबी नावाचा क्लब निघाला, त्याने १९८५ मध्ये पहिले विजेतेपद मिळवले आणि १९८७ मध्ये आपले भाग शेअरबाजारात विकायला काढले. त्याच्या पैशापुढे टिकाव लागेना म्हणून केबी आणि बी १९०३ यांनी १९९२ मध्ये आपले अव्वल संघ एकत्र करून एफसी कोपनहेगन हा नवा संघ उभारला. दोन जुन्या वैऱ्यांनी तिसऱ्याशी झुंजण्यासाठी आपले वैरच विसर्जित केले. आज ब्रॉन्डबी आणि कोपनहेगन यांच्यातील सामना देशातला सर्वांत तप्त मानला जातो. केबी आणि बी १९०३ यांची नावे हौशी स्तरावर उरली. २०२२ साली ब्रॉन्डबीचे बहुसंख्य भाग एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीने घेतले तेव्हा त्या उपनगरातले समर्थक रस्त्यावर उतरले. कल्याणकारी राज्य असूनही त्यांच्या हाती विरोधापलीकडे काही नव्हते. शेजारच्या जर्मनीत मात्र क्लबाच्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती राहिली पाहिजेत, असा नियम १९९८ पासून आहे. त्यालाही काही अपवाद आहेत, पळवाटा शोधल्या गेल्या आहेत. तरी तेथील तिकिटांचे दर आणि कठड्यांवरची गर्दी पाहता त्या नियमाने काही राखले आहे, हे नाकारता येत नाही.

महाराष्ट्राला दुसरे उदाहरण शोधायला युरोपात जाण्याची गरज नाही; कोल्हापूर पुरेसे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान बांधले, आणि पेठापेठांतून तालमी फोफावल्या. पुढे याच तालमींनी लाल मातीबरोबर चेंडूही जवळ केला. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावे पेढीची नाहीत, वस्तीची आहेत. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की दोन पेठा कामधंदा आवरून निघतात. रिक्षावाला, फौंड्रीतला मोल्डर, गुजरीतला सोनारकामाचा कारागीर, भाजीवाली, सगळे आपापल्या मंडळाच्या बाजूला बसतात. सुपर लीगची जाहिरात तेथे फिकी पडते. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

कोल्हापूरचे गोडवे गाताना मात्र हात आखडता घ्यावा लागतो. वस्तीची मालकी म्हणजे आपोआप लोकशाही नव्हे. तालमींच्या कारभारात स्थानिक पुढाऱ्यांचा पैसा शिरला आहे, आणि तो निवडणुकीच्या हिशेबानेच शिरतो. जिंकण्याच्या ईर्ष्येपायी आफ्रिकेतून खेळाडू भाड्याने आणले जातात आणि पेठेतले पोर राखीव बाकावर बसते. दगडफेक, हाणामाऱ्या, पोलीस बंदोबस्त, स्पर्धा अर्ध्यावर थांबणे, हे प्रकार इतक्यांदा घडले आहेत की त्यांची लाज वाटणेही थांबले आहे. स्त्रियांना कठड्यावर जागा आहे, तालमीच्या कारभारात ती क्वचितच. या सर्व दोषांवर कोरडे ओढलेच पाहिजेत. पण एक फरक राहतोच: पेठेतल्या माणसाला तालमीच्या कारभाऱ्याला रस्त्यात गाठून जाब विचारता येतो, आणि उद्या कोणी म्हणाले की पाटाकडील तालीम यंदा उतरणार नाही, तर त्याला त्या संध्याकाळी पेठेतून चालत जाणे अवघड होईल. धेंपो आणि साळगावकर यांच्या प्रेक्षकांना हे सामर्थ्य कधीच नव्हते.

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या आसऱ्याने राहणाऱ्या वाचकाला या सगळ्याशी काय देणेघेणे, असा प्रश्न रास्त आहे. तेथे फुटबॉलचा क्लब नाही. कबड्डी, खोखो, जत्रेतली कुस्ती हे तिथले खेळ. आणि अर्धे वर्ष ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या पोराला तेही पुरते खेळायला मिळत नाहीत. पण कालवा म्हणजे काय हे त्या मुलखाला शिकवावे लागत नाही. धरण सार्वजनिक पैशाचे, जमीन बुडाली ती गरिबाची, आणि पाणी सोडले की वरच्या भागातल्या बागाईतदाराचे पंप आधी चालू होतात; शेपटाकडच्या शेतकऱ्याच्या चारीत गाळ तेवढा पोचतो. खेळातील पैशाचा कालवा तसाच वाहतो. वरच्या अंगाला ७०० कोटींचे करार होतात आणि सिद्धेश्वरच्या पोराच्या हातात मोबाईल येतो, ज्यावर तो बार्सिलोनाचा खेळ पाहतो. अंगात त्याच संघाचा नकली शर्ट असतो. शाळेला मैदान नसते. बार्सिलोना हा सभासदांच्या मालकीचा क्लब आहे, सभासद त्याचा अध्यक्ष मतदानाने निवडतात, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. कार्यकर्त्यांनी ती सांगायला हरकत नाही. त्याच्या आवडीची टवाळी करण्यापेक्षा तिच्यातून बोलणे सुरू करणे शहाणपणाचे ठरेल.

चढाओढ लोकांना फोडते, एका वर्गाचे दोन तट पाडते, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात दंगल उसळली आणि १६ प्रेक्षक मेले. पोटासाठी शहरात राबणारी तरुण पोरे एका चेंडूपायी तुडवली गेली. फाळणीपूर्वीच्या घटी-बांगाल भेदातून या दोन क्लबांचे वैर वाढले आणि निर्वासितांच्या दुःखाने ते अधिक धारदार झाले, हे स्पष्टीकरण झाले, समर्थन नव्हे. पण त्याच दोन क्लबांच्या समर्थकांनी १८ ऑगस्ट २०२४ रोजी जे केले तेही याच तराजूत टाकले पाहिजे. आर. जी. कर रुग्णालयातील तरुण महिला डॉक्टरच्या बलात्कार आणि हत्येने शहर पेटले होते. प्रेक्षक स्टेडियममध्ये घोषणा देतील या धास्तीने ड्युरंड चषकातील दोघांचा सामना रद्द करण्यात आला. तेव्हा दोन्ही रंगांचे लोक स्टेडियमबाहेर एकत्र जमले, त्यांच्यात मोहमेडन स्पोर्टिंगचेही होते, आणि न्यायाची मागणी करताना एकत्रच लाठ्या खाल्ल्या. शंभर वर्षांच्या वैरातून माणसांना एकमेकांची इतकी ओळख होते की प्रसंगी ती कामी येते. मालकांच्या संघटनेला अशी एकजूट घडवता आली नसती. तिने ती टाळण्यासाठीच हात जोडले असते.

त्याच मोहन बागानचा आणखी एक धडा आहे. २०२० साली या १८८९ च्या क्लबाच्या फुटबॉल संघाचे ८० टक्के भाग एका उद्योगसमूहाकडे गेले आणि नावाच्या पुढे त्या समूहाच्या जुन्या संघाचे ‘एटीके’ हे शेपूट लागले. समर्थकांनी तीन वर्षे फलक, मोर्चे, बहिष्कार चालवले. मार्च २०२३ मध्ये संघाने सुपर लीग जिंकली त्याच रात्री मालकाला जाहीर करावे लागले की ती अक्षरे काढून टाकली जातील. हा सामना झाला होता फातोर्ड्याला. ज्या मैदानावर गोव्याच्या दोन क्लबांची चढाओढ निमूटपणे संपली, त्याच मैदानावर बंगालच्या प्रेक्षकाने आपले नाव परत मिळवले. मालकी मात्र मिळवली नाही.

सहकाराच्या भूमीत फुटबॉल क्लब सहकारी तत्त्वावर का चालू नयेत, असे कोणी विचारील. महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा १९६० चा आहे आणि साखरेपासून सुतापर्यंत त्याने काय उभे केले व पुढे कोणी काय गिळले हे वाचकांना ठाऊक आहे. सभासदांच्या वह्यांत मेलेल्यांची नावे ठेवून चालणारी सत्ता क्लबातही शिरेल, यात शंका नाही. तरीही, कारखाना ताब्यात गेला म्हणून सहकाराचा कायदाच रद्द करा असे कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. निदान एवढे मागता येईल की क्लबाचे नाव, रंग, मैदान आणि स्पर्धेतील सहभाग या चार गोष्टींवर नोंदणीकृत सभासदांच्या मताखेरीज कोणताही सौदा होऊ नये. आणि ज्या संघाला शासनाचे स्टेडियम सवलतीत मिळते त्याच्यावर ही अट आधी लागू व्हावी. फातोर्ड्याचे स्टेडियम सरकारी पैशाने उभे राहिले आहे. तेथे अट घालण्याचा अधिकार जनतेला निश्चितच आहे.

१५ वर्षांच्या त्या कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत होती. नव्या कराराचा पत्ता नाही म्हणून जुलै २०२५ मध्येच सुपर लीगचा पुढचा मोसम थोपवण्यात आला, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे पगार स्थगित केले. लोकांच्या खेळाचे सगळे पाणी एकाच पाइपात सोडले की तोटी बंद होताच काय होते, ते तेव्हा दिसले. धेंपोने दरम्यान खालच्या पायरीवरून खेळत आपली वाट पुन्हा चढायला घेतली आणि २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. समोर साळगावकर नव्हता. त्याच सुमारास, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा केला आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉल महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली. या घटनेत माजी नामवंत खेळाडूंना मताचा हक्क आहे, स्त्री खेळाडूंसाठीही जागा राखलेल्या आहेत, आणि दोन्ही तरतुदी स्वागतार्ह आहेत. तिकीट काढून कठड्यावर बसणाऱ्यासाठी एकही जागा नाही. गोवा, कोल्हापूर आणि कोलकाता येथील समर्थकांच्या मंडळांनी ती मागण्यासाठी एकत्र येऊन एक अर्ज जरी दिला, तरी महासंघाला त्याचे उत्तर लिहावे लागेल.